भाव ठरला, पुढचे काय?

लिलाव हा शब्द आपल्याकडे फारसा शुभ मानला जात नाही. लिलाव म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो लासलगावचा कांदा, नाही तर कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेतलेले घर. फार तर उत्सवाच्या सांगतेला देवळात होणारा नारळाचा लिलाव तेवढा हसतखेळत पार पडतो. माणसांचा लिलाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता आणि वाचताना मान खाली घातली होती. पण गेल्या काही वर्षांत या शब्दाचा रंगच पालटला. आता लिलावाच्या दिवशी घरातली मंडळी दूरचित्रवाणी संचासमोर बसून बोली ऐकतात आणि आपल्याकडच्या पोरावर मोठा आकडा लागला की वाडीत पेढे वाटले जातात.

प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामासाठी ३१ मे आणि १ जून २०२५ रोजी मुंबईत असाच एक लिलाव झाला. इराणचा अष्टपैलू खेळाडू मोहम्मदरेझा शाद्लुई याला गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख रुपयांना घेतले. देवांक दलाल या तरुण चढाईपटूसाठी बंगाल वॉरियर्सने २ कोटी २० लाख ५० हजार रुपये मोजले. त्याच लिलावात परदीप नरवालचेही नाव पुकारले गेले. या स्पर्धेत अठराशेहून अधिक चढाईगुण मिळवणारा हा खेळाडू. पाटणा पायरेट्सने २०१६ आणि २०१७ मध्ये सलग तीन विजेतेपदे मिळवली, ती मुख्यतः त्याच्या चढायांच्या जोरावर. २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याच्यावर १ कोटी ६५ लाखांची, त्या वेळी विक्रमी असलेली बोली लावली होती. चार वर्षांनी त्याच्यासाठी एकाही संघाने हात वर केला नाही. पाठोपाठ त्याने निवृत्ती जाहीर केली.

कोटीच्या आकड्यांची आरती ओवाळावी म्हणून मी हे लिहायला घेतलेले नाही. पैशाने खेळ बिघडवला, हे जुने तुणतुणेही मला वाजवायचे नाही. ज्या खेळाडूंनी वर्षानुवर्षे मातीत गुडघे फोडून घेतले आणि बदल्यात एखादा करंडक व वडापाव यावर समाधान मानले, त्यांच्या वारसांना चार पैसे मिळत असतील तर कुणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. माझा सवाल वेगळा आहे. खेळाडूचा भाव ठरतो, तेव्हा त्याला स्वतःला काही विचारले जाते का? आणि ज्या वर्षी बोली लागत नाही, त्या वर्षी त्याच्या पाठीशी कोण उभे असते?

मोकळा खेळाडू आणि पुकारलेला खेळाडू

व्यावसायिक खेळात संघ दोन प्रकारे बांधले जातात. पहिला प्रकार अमेरिकेतील बास्केटबॉलचा. तिथे दर उन्हाळ्यात एक काळ असा येतो की ज्यांचा करार संपला आहे असे खेळाडू ‘मोकळे’ होतात. जो संघ बरा वाटेल, ज्या गावात राहावेसे वाटेल, ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळावेसे वाटेल, तिकडे त्यांनी जावे. संघांना वेतनावरची मर्यादा पाळावी लागते. पण अखेरची सही खेळाडूची असते आणि ती करायची की नाही, हे तोच ठरवतो.

हा हक्क तिथे आपोआप मिळाला नाही. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवर जुन्या संघाचाच ताबा राहत असे. ऑस्कर रॉबर्टसन या थोर बास्केटबॉलपटूने खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष या नात्याने १९७० मध्ये याविरुद्ध न्यायालयात दावा लावला. तो १९७६ मध्ये तडजोडीने मिटला आणि दार किलकिले झाले. १९८८ मध्ये टॉम चेंबर्स हा पहिला पूर्णपणे मोकळा खेळाडू म्हणून सिॲटल सोडून फिनिक्सला गेला. २०१० च्या जुलैमध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलंड सोडून मायामीला गेला, तेव्हा क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी त्याच्या नावाचे शर्ट रस्त्यात जाळले. चाहते चिडले, कारण निर्णय त्याचा होता. युरोपातील फुटबॉलमध्ये हेच स्वातंत्र्य ज्याँ-मार्क बोस्मान या बेल्जियमच्या खेळाडूच्या दाव्यामुळे डिसेंबर १९९५ मध्ये आले.

दुसरा प्रकार आपला, लिलावाचा. आयपीएलने २००८ मध्ये तो रुजवला आणि कबड्डीने २०१४ मध्ये उचलला. यात हंगाम संपला की कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची यादी संघ तयार करतो. सोडलेला खेळाडू लिलावात जातो. तिथे त्याचे नाव पुकारले जाते, बोली चढते, हातोडी पडते आणि त्या क्षणी त्याचे गाव, त्याचे सहकारी, त्याचा प्रशिक्षक सगळे ठरून जाते. जुन्या संघाला वाटले तर अखेरच्या बोलीइतकी रक्कम मोजून तो खेळाडूला परतही घेऊ शकतो. म्हणजे मत आहे ते नव्या संघाला आणि जुन्या संघाला. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याला मात्र मत नाही. आपल्याकडे ठरवून केलेल्या लग्नातसुद्धा हल्ली मुलीला एकदा विचारतात!

लिलावाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते नाकारू नये. सगळ्या संघांच्या हाती सारखीच थैली असल्यामुळे श्रीमंत मालकाला सगळे मोहरे गोळा करता येत नाहीत. व्यवहार चारचौघांसमोर होतो, पडद्याआड नाही. शिवाय कोणत्या खेळाडूला किती मिळाले हे जगाला कळते. आपल्या क्रीडासंस्थांचा जुना कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या उघडेपणाची किंमत कळेल. २०१४ च्या मे महिन्यात झालेल्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. नऊ वर्षांत वीसपट! बंद खोलीत ही वाढ इतक्या वेगाने झाली नसती.

तरीही भाव मिळणे आणि हक्क मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्याच वर्षाचे, म्हणजे २०२५ चे नव्हे तर कोणत्याही वर्षाचे लिलाव पाहा, पहिली गोष्ट भरपूर दिसेल, दुसरी दिसणार नाही. याउलट आपल्याच क्रिकेटमध्ये यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात विचार बदलून मुंबईतच राहू द्या अशी विनंती केली. त्यावर चर्चा झाली, टीका झाली. पण जायचे की राहायचे, हा अर्ज खेळाडूच्या हातचा होता.

पाच कोटींचे घरखर्चाचे गणित

संघ बांधणे हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. २०२५ च्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर एकूण पाच कोटी रुपये खर्च करण्याची मुभा होती आणि त्यात किमान १८, कमाल २५ खेळाडू बसवायचे होते. लिलावात खेळाडूंचे चार गट केलेले असतात आणि त्यांच्या पायाभूत किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये. आता हिशेब करा. एका खेळाडूवर २ कोटी २३ लाख घातले, तर उरतात २ कोटी ७७ लाख. किमान सतरा जणांची आणखी सोय करायची म्हटली, तर सरासरी माणशी सोळा लाखांच्या आसपास येतात. पगाराच्या दिवशी मोठा दूरचित्रवाणी संच घरी आणला की महिनाअखेर भाजीला पैसे पुरत नाहीत, हे आपल्या घरातल्या गृहिणींना कुणी शिकवावे लागत नाही. संघमालकांना मात्र ते दरवर्षी नव्याने शिकावे लागते.

२०२५ चा निकाल पाहा. त्या लिलावातले सर्वांत महागडे दोन खेळाडू घेणारे गुजरात आणि बंगाल हे दोन्ही संघ पहिल्या आठांतही आले नाहीत. देवांकने चढाईत भरपूर गुण मिळवले, त्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही. पण एकटा चढाईपटू सामना जिंकून देतो, हा समज खोटा आहे. ३१ ऑक्टोबरला अंतिम सामना झाला तो दबंग दिल्ली आणि पुणेरी पलटण यांच्यात. दिल्लीने तो ३१-२८ असा जिंकला.

पुण्याचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मुंबईचा पंकज मोहिते अशी तरुण मुले या संघाने लहान वयात घेतली, हंगामामागून हंगाम एकत्र ठेवली आणि त्यांना एकमेकांची सवय होऊ दिली. अशा जमलेल्या संघात त्यांनी २०२३ च्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना शाद्लुईला आणले आणि १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. नंतर त्यांनी शाद्लुईला सोडले. हरयाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरयाणा विजेता झाला. मग हरयाणानेही त्याला सोडले. सलग दोन वर्षे दोन संघांना अजिंक्यपद मिळवून देणारा खेळाडू सलग दोनदा लिलावात उभा राहिला! थैलीच्या हिशेबात हे बरोबर असेल. पण त्याच्याविना पुणे २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले आणि त्याला घेऊनही गुजरातला पहिल्या आठांत येता आले नाही. महागडा खेळाडू जमलेल्या घरात आला तर त्या घराचे सोने होते. घरच उभे नसेल, तर तोही काय करणार?

याचे कारण कबड्डीच्या स्वभावात आहे. हा खेळ वरवर पाहता एकट्याच्या दमाचा वाटतो. पण पकड ही साखळीची असते. कोपरारक्षकाने घोटा धरला की शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच क्षणी झेप घ्यायची असते. तो पाव क्षण उशिरा आला तर चढाईपटू मध्यरेषेला बोट लावतो, आणि पाव क्षण आधी गेला तर चढाईपटूला दोन गुण फुकट मिळतात. हा पाव क्षण विकत मिळत नाही. तो एकत्र घाम गाळून, एकमेकांच्या चुका सोसून मिळतो. दरवर्षी संघ मोडून नवा बांधणाऱ्यांच्या हाती नावे लागतात, साखळी लागत नाही.

आपल्या यू मुंबाची कथाही याच वळणाची आहे. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत गेला आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून विजेता झाला. वरळीच्या सरदार पटेल क्रीडागारात तेव्हा जो गजर होई तो ज्यांनी ऐकला, ते विसरणार नाहीत. पुढे अनुप लिलावात गेला. २०१८ चा हंगाम तो जयपूरकडून खेळला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती घेतली. तेव्हापासून २०२५ च्या हंगामापर्यंत यू मुंबाला एकदाही अंतिम फेरी गाठता आलेली नाही. केवळ अनुप गेला म्हणून असे झाले, असे मी म्हणणार नाही. त्याचे वय झाले होते. परंतु संघाची ओळख ज्या चेहऱ्यावर उभी असते, तो चेहरा शेवटच्या वर्षी दुसऱ्याच गणवेशात दिसला, तर चाहत्याच्या मनात काही तरी तुटते, हे हिशेबाच्या वहीत कुठेच नोंदले जात नाही.

चंदगडच्या मुलाचा आलेख

लिलावाचा लहरीपणा समजून घ्यायचा असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याकडे पाहावे. तिथल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे आला. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवले. २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. २०२१ मध्ये त्याच संघाने त्याच्यासाठी १ कोटी ३० लाख मोजले, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. २०२२ मध्ये त्याची किंमत झाली २० लाख. २०२३ मध्ये हरयाणाने पुन्हा एक कोटी दिले. २०२४ मध्ये दिल्लीने त्याला घेतले ते २६ लाखांना.

हे आकडे एखाद्या शेअरबाजारातल्या कंपनीचे वाटतील. ते एका तरुणाच्या सहा वर्षांचे आहेत. खांदा तोच, दमही तोच. दुखापत झाली ती खेळताना झाली, संघासाठी झाली. तिचा भुर्दंड मात्र पुढच्या लिलावात त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला. पवन सेहरावतचेही तेच. २०२३ मध्ये २ कोटी ६० लाख ५० हजार, २०२४ मध्ये १ कोटी ७२ लाख ५० हजार आणि २०२५ मध्ये ५९ लाख ५० हजार. उलटाही अनुभव आहे. इराणचा फझल अत्राचली २०१८ मध्ये यू मुंबाकडे बरोबर एक कोटीला आला आणि या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू ठरला. २०२३ मध्ये गुजरातने त्याला १ कोटी ६० लाख दिले. २०२४ मध्ये तो ५० लाखांवर उतरला. आणि २०२५ मध्ये विजेत्या दिल्ली संघात तोच फझल होता. बाजाराने ज्याला उतरणीला लावले, त्याच्याच हाती अखेर करंडक आला. बाजारभाव आणि माणसाची योग्यता यांत अंतर असते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

चित्रनगरी आणि कारखाना

आता थोडे माझ्या परिसराविषयी. मी दिंडोशीत राहतो. बास्केटबॉल पाहायचा तर मुंबईकराने नागपाड्याला जावे. आमच्याकडे कबड्डीच. डिसेंबर उजाडला की संतोषनगर, कुरार, मालाडच्या बाजूला कुठे ना कुठे मैदान आखले जाते, दिव्यांचे खांब उभे राहतात, नेत्यांच्या छबीचे फलक झळकतात आणि रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपकावरून समालोचन ऐकू येते. लालबाग-परळच्या चाळींतून उपनगरांत पांगलेल्या घरांनी येताना जे सामान बरोबर आणले, त्यात हा खेळही होता.

या लोकांना नोकरी आणि हंगामी काम यांतला फरक कुणी समजावून सांगायला नको. दिंडोशीच्या एका अंगाला चित्रनगरी आहे. तिथे रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला माहीत असते की आज चित्रीकरण आहे, उद्याचे उद्या. दुसऱ्या अंगाला मेट्रोने कुरार ओलांडले की आकुर्ली येते. तिथे कांदिवलीत महिंद्रचा कारखाना आहे. त्या कारखान्यात ‘चिकटलेल्या’ माणसाचे घर एका पगारावर उभे राहिले. आणि महिंद्रचा कबड्डी संघ हे तर उपनगरातल्या कित्येक मुलांचे स्वप्न होते.

कारण जुन्या मुंबईत कबड्डीपटूचा लिलाव होत नसे, त्याला नोकरी लागत असे. मंडळाकडून खेळणारा पोरगा चमकला की कुणा बँकेच्या, रेल्वेच्या, बंदराच्या, पोलिसांच्या किंवा कंपनीच्या संघाची नजर त्याच्यावर पडे. त्यातही ओढाताण होती, रुसवेफुगवे होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना वाटे की आम्ही घडवलेला मुलगा बँकेने पळवला. पण त्या ओढाताणीत पोराच्या पदरी पडे ते कायमचे काम. गुडघा गेला तरी टेबल जात नसे. पस्तिशीनंतर तो हिशेब तपासणीला बसे, साठीला निवृत्तिवेतन किंवा निर्वाहनिधी घेऊन घरी येई. कोटी कुणाला दिसले नाहीत, पण चूलही विझली नाही.

ती व्यवस्था हळूहळू आक्रसत गेली. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि ज्या वस्तीने हा खेळ जगवला तिचाच कणा मोडला. कबड्डीपटूंना घेणारी देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून टाटांकडे गेली. खेळाडूंची भरती हे सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांचे ब्रीद होते. नफ्यातोट्याच्या नव्या हिशेबात ते मागे पडत चालले आहे. म्हणजे एका दाराने लिलावाचा पैसा आत आला आणि दुसऱ्या दाराने नोकरी बाहेर निघाली. आपण पहिल्या दाराकडेच पाहत राहिलो.

एका आईचा प्रश्न

मध्यंतरी आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला विचारले, “भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारते. पोरगा म्हणतो, यंदा परीक्षा राहू दे, शिबिराला जातो, पुढच्या वर्षी लिलावात नाव येईल. काय सांगू त्याला?” मुलगा महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि खरोखर चांगला खेळतो. हा प्रश्न केवळ त्यांच्या घरातला नाही, म्हणून त्याचे उत्तर मी इथे मांडतो.

पहिली गोष्ट मोजणीची. लीगमध्ये बारा संघ आहेत. प्रत्येकाने पंचवीसची मर्यादा गाठली तरी देशभरात मिळून जागा होतात तीनशे, आणि त्यांतल्या काही परदेशी खेळाडूंच्या. यात हरयाणाच्या गावोगावची पोरे आहेत, तामिळनाडूची आहेत, आपल्या सांगली-कोल्हापूर-रत्नागिरीची आहेत. आत शिरणे कठीण, टिकणे त्याहून कठीण. ९ लाखांची पायाभूत किंमत ऐकायला मोठी वाटते, पण ती एका हंगामाची. त्यातून कर जातो, खुराक जातो, दुखापतीचा खर्च निघतो. पुढच्या वर्षी नाव पुकारले गेले नाही तर पाटी कोरी.

दुसरी गोष्ट कागदाची. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण तिथे खेळाचे प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावे लागते आणि त्या पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. पदवी सोडून दिलेल्या मुलाला हे दार पूर्ण उघडत नाही. म्हणून मी त्या बाईंना म्हटले, शिबिराला जरूर पाठवा, पण परीक्षा बुडवू देऊ नका. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे कपाटात दागिन्यांसारखी जपून ठेवा. लिलाव हा बोनस गुण समजावा, खेळ मात्र साध्या गुणांवर जिंकायचा असतो.

मुलीच्या आईने हाच प्रश्न विचारला असता, तर मला आणखी संकोच वाटला असता. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची तीन संघांची स्पर्धा झाली. अभिलाषा म्हात्रेसारखी आपली खेळाडू तिथे सगळ्या देशाने पाहिली. परंतु तिथून महिलांची प्रो कबड्डी वर्षागणिक उभी राहिली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हाही कौतुक झाले ते आठवडाभर. मुलांना निदान बोलीची तरी आशा आहे. मुलींना आजही नोकरी हाच एक आधार आहे, आणि तोच आटतो आहे.

काय करता येईल?

लिलाव बंद करा, असे मी म्हणणार नाही. तो आता या खेळाचा भाग झाला आहे आणि त्याने कबड्डीला घराघरात नेले. पण त्याला माणुसकीची चौकट घालता येईल. एक तर, ठराविक हंगाम खेळलेल्या खेळाडूला स्वतः संघ निवडण्याचा हक्क द्यावा. वेतनाची मर्यादा कायम ठेवूनही हे जमते, हे बास्केटबॉलने दाखवले आहे. दुसरे, खालच्या दोन गटांतल्या मुलांशी एका वर्षाऐवजी किमान तीन वर्षांचे करार व्हावेत. पाच कोटींच्या थैलीत त्यांचा वाटा इतका थोडा असतो की मालकांचे दिवाळे निघणार नाही. तिसरे, खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार आणि त्या काळातले मानधन यांची जबाबदारी हंगाम संपला म्हणून संपू नये. आणि चौथे, खेळाडूंची स्वतःची संघटना हवी. अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंनी ती १९५४ मध्ये स्थापन केली आणि तिच्याच बळावर रॉबर्टसनला १९७० मध्ये न्यायालयाची पायरी चढता आली. ज्या मुंबईने देशाला कामगार संघटना म्हणजे काय हे शिकवले, तिथल्या कबड्डीपटूंच्या पाठीशी अशी एखादी भक्कम संघटना असू नये, हे खटकते.

राहिली नोकरीची गोष्ट. सरकारी बँका आणि आस्थापना पूर्वीसारख्या भरती करणार नसतील, तर लीगमधल्या संघांचे मालक असलेले उद्योगसमूह आणि या खेळावर जाहिरातींचा वर्षाव करणाऱ्या कंपन्या यांनी तो भार उचलायला काय हरकत आहे? ज्या खेळाडूच्या छातीवर आपले नाव छापायचे, त्याला चार वर्षांनी आपल्या कचेरीत एक खुर्चीही द्यावी. यात दानधर्म नाही. शिस्त, सांघिक वृत्ती आणि पराभव पचवण्याची ताकद घेऊन आलेला माणूस कोणत्याही कचेरीला जड होत नाही.

कबड्डीत बाद झालेला खेळाडू कायमचा बाद होत नाही. त्याच्या साथीदाराने गुण मिळवला की तो पुन्हा मैदानात येतो. हा नियम जगातल्या फार थोड्या खेळांत आहे आणि मला तो या खेळाचा आत्मा वाटतो. मैदानावर आपण ज्याला पुन्हा जिवंत करतो, त्याला मैदानाबाहेर एका बोलीवर मारू नये, एवढीच मागणी आहे.